नव्या तारा

“अगं, पण शेवटी गिटारच ना ती! आणि तसलीच दुसरी आणून दिली की नाही? तोच कारखाना, तोच रंग, तेच सगळं. आता त्याचं इतकं काय घेऊन बसलीस?”

नवरा हे मघापासून वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारत होता. भिंगबाई दाराशीच उभी होती. पाठीवरची गिटारची पिशवी तिने उतरवली नव्हती, पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

“मी गिटारचं विचारतच नाहीये,” ती म्हणाली. “मला कधी सांगणार होतात, ते विचारतेय.”

“सांगणारच होतो.”

“कधी?”

“तुझा हात बरा झाला की सांगू म्हटलं.”

“हात बरा झालाय हे मला आज कळलं. तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

यावर नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं. पंखा चालू होता, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी एक शेंग मोडली, दाणे वाटीत पाडले आणि म्हणाल्या, “आल्या आल्या दारातच काय उभी राहतेस? आत ये, पाणी पी, मग भांड.”

मुलगी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून नखं कुरतडत होती. ती चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होती. घरात एवढा आवाज चढलेला तिला ऐकायची सवय नव्हती.

“आई, नव्या गिटारवरचा तो टवका मी काढला होता,” ती एकदम बोलून गेली. “तुला वाईट वाटू नये म्हणून. नेलफाइलने घासला, वर बुटाचं पॉलिश लावलं, मग पुसून काढलं. खूप वेळ बसले होते त्याला.”

“छान काढलास,” भिंगबाई म्हणाली. “मला ओळखू आला नाही. शाबास.”

मुलीचं तोंड कसनुसं झालं. शाबासकी इतकी झोंबू शकते हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

भिंगबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. बाजाराच्या रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात मागे एक अरुंद खोली होती. तिथे ती लग्नाआधीपासून काचा घासायची. गोल काच यायची, ती फ्रेमच्या आकाराला आणायची. फिरत्या दगडावर पाण्याची धार, धारेखाली काच, आणि काचेवर दोन्ही हातांची बोटं. बोटं किती दाबायची आणि केव्हा उचलायची हे कुणाला सांगून शिकवता येत नाही. जरा जास्त घासली की काच फ्रेममध्ये खुळखुळते, जरा कमी घासली की बसवताना तडकते. भिंगबाईची काच एकदा बसली की बसली. गिऱ्हाइकं पुढे काउंटरवर चष्मा घालून आरशात बघायची आणि दुकानाच्या मालकांना धन्यवाद द्यायची. मालक प्रामाणिक होते, मागच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “आमच्या भिंगबाईंचं काम.” तेच नाव पुढे सगळीकडे पडलं. नवरा सोडून सगळे तिला याच नावाने हाक मारत. नवरा नुसतं ‘अगं’ म्हणायचा.

आणि तिची गिटार म्हणजे ‘पिवळी’. हेही त्या गिटारचं खरं नाव नव्हे. पेटीवर कारखान्याचं नाव आणि कसलासा नंबर असायचा, पण तो कुणाच्या लक्षात राहिला नाही. वाद्यांच्या दुकानात सगळ्यात खाली, दाराजवळ, धुळीत उभी असायची ती ही गिटार. प्लायवुडची, वर पिकल्या लिंबाच्या रंगाचं वार्निश. भिंगबाईने पहिल्या पगारात ती घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, “शिकायला ही घ्या, हात बसला की चांगली घ्या.” प्रत्येक पिवळीवाल्याला त्याच्या दुकानदाराने हेच सांगितलेलं असतं. आणि हात बसल्यावर चांगली घेणारे फार थोडे. कारण पिवळी आधी छळते. तारा उंच, बोटांना फोड येतात, थंडीत एक तऱ्हा, उकाड्यात दुसरी. मग माणूस तिच्या कलाने घ्यायला शिकतो, तीही माणसाच्या कलाने घेते, आणि तोवर दोघं एकमेकांना इतकी सरावतात की तिसऱ्या कुणाशी जमत नाही. एका बस कंडक्टरने मध्यंतरी पिवळी माळ्यावर टाकून महागाची गिटार आणली होती. महिन्याभरात माळ्यावर शिडी लागली. “चांगली होती हो,” तो म्हणायचा, “पण पाहुण्यांसारखी वागायची.”

हा कंडक्टर, सरकारी दवाखान्यातली एक नर्स, भूगोलाचे निवृत्त मास्तर, एक सुतार आणि भिंगबाई अशी पाच जणं दर रविवारी दुपारी सुताराच्या दुकानात जमायची. पाचही पिवळीवाली. दुकानात फळ्या रचलेल्या, भुसा झाडून एका कोपऱ्यात केलेला, रंध्याच्या बाकावर चहाची किटली. वाजवायचं म्हणजे कुणाला ऐकवायचं नव्हतं. जुनी गाणी, मास्तरांना मधेच आठवलेलं काहीतरी, नर्सच्या ड्युटीवरचे किस्से. आणि उठायच्या आधी ‘एक घर पुढे’. प्रत्येकाने आपली पिवळी डाव्या हाताच्या माणसाला द्यायची आणि उजवीकडून येईल ती घ्यायची. एकच गाणं पाचदा वाजवायचं, दर वेळी गिटारी एक घर सरकत, म्हणजे फिरून आपली आपल्याकडे येते. ही रीत कुणी पाडली ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. मास्तरांची पिवळी घोंगडं पांघरल्यासारखी बोलायची, नर्सची खणखणीत, कंडक्टरची तिसरी तार कायम कुरकुरायची. “प्रवाशांची सवय,” असं तो म्हणायचा. एकाच साच्यातून निघालेल्या पाच बहिणी, पण एकीचा सूर दुसरीला नाही.

घरात तिच्या वाजवण्याला कुणाची ना नव्हती, आणि कौतुकही नव्हतं. जेवणं झाली की ती बाल्कनीत स्टूल टाकून थोडा वेळ वाजवायची. नवरा पंपघरात पाण्याच्या मोटारी चालवायचा, दिवसभर कानात घरघर घेऊन यायचा. तो म्हणायचा, “वाजव वाजव, मला कुठे ऐकू येतंय.”

मग ती दुकानाच्या ओल्या पायरीवरून घसरली. डावं मनगट मोडलं. दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, मनगटात पट्टी बसवली. नवरा तिचे कपडे न्यायला घरी आला. कपाटावरची बॅग ओढताना बॅगेमागची गिटार खाली आली ती सरळ फरशीवर. मान तुटली. घाईत, काळजीत होता बिचारा, हे कुणाच्याही हातून झालं असतं, आणि भिंगबाईला कुणी सांगितलं असतं तर ती पहिल्यांदा म्हणाली असती, “तुम्हाला लागलं नाही ना?”

पण कुणी सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, आधीच ती खचलेली आहे, आत्ता नको. मुलगी म्हणाली, तसलीच दुसरी मिळते, मी शोधते. मिळालीही. कुणाच्या तरी घरी पडून असलेली, फारशी न वाजवलेली. मुलीने आईच्या गिटारचे फोटो समोर ठेवून एकेक खूण उतरवली. घर बदलताना दाराच्या चौकटीवर आपटून पाठीच्या कोपऱ्याला गेलेला टवका, घड्याळाच्या पट्ट्याने पडलेले चरे, सगळं. तिघांनी मिळून ती कपाटावर ठेवली आणि सुटलो एकदाचे म्हणून चहा घेतला.

प्लास्टर निघालं त्या दिवशी नवऱ्याने स्वतः गिटार खाली काढून दिली. “नव्या तारा लावून आणल्यात,” तो म्हणाला. “आवाज जरा वेगळा वाटेल.”

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने गिटारकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. भिंगबाईला भरून आलं. दुसऱ्या दिवशी दुकानात तिने मालकांना सांगितलं, नर्सला फोन करून सांगितलं, “अहो, ह्यांनी आपणहून नव्या तारा लावून आणल्या!” नर्स म्हणाली, “तुमचा नवरा आजारी तर नाही ना?” दोघी खूप हसल्या होत्या.

हसणं तेवढंच. कारण वाजवायला बसली तर बोटं तिची नव्हतीच. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबलं की निम्म्या तारा मुक्या. जे ती डोळे मिटून वाजवायची ते डोळे फाडूनही जमेना. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी यंत्र दाबायला लावलं, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, “हात छान आहे तुमचा. पूर्वीसारखा.” भिंगबाई घरी येऊन म्हणाली, “त्यांना काय कळतंय? यंत्राला काय, कुणीही दाबलं तरी आकडा दाखवतं. मला माझी पिवळी सांगतेय की हात गेलाय.”

हे ती जेवताना म्हणाली होती. तिघंही समोर होती. नवरा म्हणाला, “होईल हळूहळू.” मुलीने ताट उचलून नेलं. सासूबाई म्हणाल्या, “वय झालं की व्हायचंच.”

ती रोज बसायची. आधी तासभर, मग अर्धा तास, मग नुसतीच मांडीवर घेऊन. रविवारी सुताराकडे जाणं तिने बंद केलं. लोक फोन करायचे, ती डोकं दुखतंय म्हणायची. आणि एक दिवस काचेवर बोटं ठेवताना तिला भीती वाटली. काच फुटली नव्हती, खुळखुळली नव्हती, काहीच बिघडलं नव्हतं. पण जो हात स्वतःच्या गिटारवर चालत नाही तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर कसा चालवायचा? उद्या कुणाला वाकडं दिसलं तर? ती पडद्याबाहेर आली आणि मालकांना म्हणाली, मला पुढे काउंटरवर घ्या, मागे दुसरं कुणीतरी बघा. मालकांनी परोपरीने समजावलं. ऐकेल ती भिंगबाई कसली. शेवटी दुसऱ्या गावाहून एक कारागीर आला, बायकामुलांसकट बिऱ्हाड घेऊन, आणि मागच्या खोलीत तिच्या स्टुलावर बसला. ती पुढे उभी राहून चष्मे पुसायला आणि डब्यांत घालायला लागली. पूर्वी काचा संपेपर्यंत थांबावं लागायचं, आता सहा वाजता सुटी.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज फुटला होता. नवरा म्हणाला होता, “बरं झालं. डोळे तरी वाचतील तुझे.”

आणि आज रविवार. सकाळी उठून तिने ठरवलं होतं की पिवळी सुताराकडे ठेवून यायची. घरात नजरेसमोर नको. कुणी नवं शिकणारं आलं तर त्याला होईल. ती गेली तशी चौघांनी तिला बसवलंच. कंडक्टर म्हणाला, “द्यायची ती द्या, पण आधी एक घर पुढे. शेवटची फेरी चुकवाल तर विनातिकीट समजेन.”

तिची पिवळी डावीकडे सुताराच्या मांडीवर गेली. त्याने एकदा तार छेडली आणि हात थांबवला.

“ही कुणाची?”

“माझीच,” भिंगबाई म्हणाली.

“नाही हो ताई.”

“अहो, माझीच. टवका बघा ना.”

“टवका बघितला.” सुताराने तारा सैल केल्या, बाजूला सारल्या आणि भोकातून आत दोन बोटं घातली. आत चाचपत राहिला. “तुमच्या पिवळीच्या आत मी पट्टी बसवली होती. पेटी चिरत होती तेव्हा. सागाची, बोटाएवढी. इथे पट्टी नाहीये. कधी नव्हतीच. आणि तारा ज्यावर टेकतात ते हाड मी घासून खाली आणलं होतं, तुमच्या बोटांसाठी. हे बघा केवढं उंच आहे.”

नर्सने आपली गिटार तिच्या मांडीवर ठेवली. “वाजवा,” ती म्हणाली. दवाखान्यात पेशंटला म्हणतात त्या आवाजात.

भिंगबाईने पहिलं बोट आडवं ठेवलं. सगळ्या तारा बोलल्या. तिने पुढचं वाजवलं, त्याच्या पुढचं वाजवलं, गाणं अख्खं वाजवलं, डोळे मिटून. मास्तर “वा!” म्हणाले आणि मग आपण काय म्हणून बसलो असं वाटून गप्प झाले. कारण भिंगबाई हसत होती आणि हसता हसता तिचा चेहरा बदलत चालला होता. हात शाबूत होता. मग इतके दिवस काय चाललं होतं?

“मान मोडली असेल,” सुतार हळूच म्हणाला. “पडली की मानच जाते. पण मान जोडता येते हो. सरसाने जोडतात, पहिल्यापेक्षा पक्की होते. माझ्याकडे आणायची होती.”

तिथून घर काही फार लांब नव्हतं. ती चालत आली. दारात पाऊल ठेवताच तिने विचारलं आणि मुलीला खोटं बोलता आलं नाही.

“त्या सुताराकडे का नाही नेलीत?” ती आता नवऱ्याला विचारत होती.

“तो तुझ्याजवळ बोलला असता.”

“म्हणजे जोडता आली असती हे माहीत होतं.”

“मला काय माहीत! मी काय सुतार आहे?”

“कुठे आहे ती?”

उत्तर सासूबाईंनी दिलं. “टाकून दिली गं. पंपघराच्या मागे कचऱ्याची गाडी येते, तिच्यात. तुकडे ठेवून काय पूजा करायची होती?”

भिंगबाईने पाठीवरची पिशवी उतरवली. भिंतीला टेकवून ठेवली, नीट, पडणार नाही अशी. मग खुर्ची ओढून बसली. आता ती ओरडत नव्हती, आणि घरातल्या तिघांना ते जास्त जड गेलं.

“गिटार पडली, मोडली. माणसं पडतात, मोडतात. मीच नाही का पडले?” ती म्हणाली. “तुम्ही दुसरी आणलीत, टवका काढलात, ठीक आहे. चार दिवस खोटं बोललात, मला बरं वाटावं म्हणून, तेही ठीक. पण मी इथे, ह्या खुर्चीत बसून म्हटलं की माझा हात गेला. रोज म्हटलं. तुम्हाला ठाऊक होतं की गेलेला नाही. मी रडत होते तेव्हा ठाऊक होतं. मी काम सोडलं तेव्हा ठाऊक होतं.”

“आम्हाला वाटलं, खरंच हातामुळेही असेल,” नवरा म्हणाला. “थोडं गिटारमुळे, थोडं हातामुळे.”

“वाटलं?”

“मग आता इतक्या उशिरा सांगायचं कसं, असं झालं. जितका उशीर, तितकं अवघड.”

हे मात्र खरं बोलला होता तो. तिने मान हलवली. कदाचित तिथेच मिटलंही असतं. पण सासूबाईंना भांडण मिटताना आपलं बोट लावल्याशिवाय राहवत नसे.

“आणि झालं ते काय वाईट झालं?” त्या म्हणाल्या. “सहाला सुटून सरळ घरी येतेस, चार माणसांना वेळेवर गरम जेवायला मिळतं. हाच म्हणत होता परवा, आता घर घरासारखं वाटतं म्हणून.”

मुलीने कपाळाला हात लावला. “आजी!”

“काय आजी? खोटं आहे का?”

भिंगबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो पुन्हा पंख्याकडे बघत होता. चष्म्याची काच उजेडात धरून तिच्यातली बारीक रेघ शोधावी तसं तिने त्याचं तोंड निरखलं, आणि जे शोधत होती ते तिला दिसलं. तो घाबरला म्हणून गप्प राहिला नव्हता. निदान शेवटी शेवटी तरी नाही. त्याला बरं वाटत होतं.

ती उठली, मटाराची वाटी उचलून आत गेली आणि भाजी टाकली.

सोमवारी ती दुकानात गेली. मालकांना सगळं सांगितलं. मालक ऐकून बराच वेळ चष्मा पुसत बसले, स्वतःचाच. “भिंगबाई, मी कोणत्या तोंडाने त्याला जा म्हणू?” ते म्हणाले. “पोरांना शाळेत घातलंय त्याने.” पडद्यामागे दगड फिरत होता. ती जरा वेळ तो आवाज ऐकत उभी राहिली. नवा माणूस बरं काम करत होता. काच उचलायला किंचित उशीर करायचा, पण शिकला असता. “नका म्हणू जा,” ती म्हणाली. “त्याने माझं काय वाकडं केलंय?”

दुपारी तिने सुटी घेतली आणि नदीपलीकडे काचेच्या कारखान्यात गेली, जिथून दुकानाला गोल काचा यायच्या. तिथली मुकादम बाई तिला फोनवरच्या आवाजाने ओळखत होती. काच खराब आली की भिंगबाईच तिच्याशी भांडायची. “अगोबाई, तुम्ही होय त्या!” ती म्हणाली, आणि दोन काचा व एक फ्रेम पुढे सरकवली. भिंगबाई दगडासमोर बसली. पाणी सोडलं. डावं मनगट जरा दुखलं, पावसाळी हाड दुखावं तेवढंच. काचा बसल्या. मुकादम बाईने फ्रेम कानाजवळ धरून हलवली, आवाज आला नाही, आणि तिने विचारलं, “कोणती पाळी चालेल?”

परतताना ती सुताराकडे थांबली. ती दुसरी पिवळी सकाळीच तिने तिथे नेऊन ठेवली होती. सुताराने हाड खाली आणलं होतं. “आत पट्टी घालू का?” त्याने विचारलं. ती म्हणाली, “चिरली तर घाला. आत्ताच कशाला. तिची ती होऊ दे.” मग भुशात स्टूल टाकून तिने थोडं वाजवलं. अजून परकी होती. पण तिचा काय दोष? तिलाही कुणी विचारून आणलं नव्हतं.

घरी आली तेव्हा ताटं मांडून तिघं वाट बघत होती. नवऱ्याने अंडी उकडली होती; सोलताना निम्मी फुटली होती. मुलीने तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. सासूबाईंनी आज खुर्ची टेबलाजवळ आणून घेतली होती, म्हणजे काही सुटू नये.

“बस,” नवरा म्हणाला. “मी काय म्हणतो, आपण तुला एक चांगली गिटार घेऊ. खरी चांगली. तू म्हणशील ती.”

भिंगबाईने हात धुतले, पुसले, आणि उभ्यानेच सांगितलं.

“पुढच्या सोमवारपासून मी काचेच्या कारखान्यात जाणार. काचा घासायलाच. पाळी दुपारची, घरी यायला रात्र होईल. तेव्हा संध्याकाळचा स्वयंपाक तुमचा तुम्ही करायचा, माझं ताट झाकून ठेवायचं. गिटार सुतारांकडे राहील. रविवारी मी तिथे जाईन. ह्या घरात मी वाजवणार नाही.”